दिवाळीला वाळू परत येते

संपादकांचं पत्र आलं की, मोजणी खात्यातल्या गमतीजमती लिहा, वाचकांची दिवाळी हसतखेळत जाऊ द्या. गमती पुष्कळ आहेत. एक गृहस्थ आपल्या बांधावरचा हद्दीचा दगड दर पावसाळ्यात हातभर पलीकडे सरकवायचे आणि मी तो मोजून जागेवर आणला की मलाच चहा पाजायचे. दोन सख्खे भाऊ एका बोरीच्या झाडावरून तीन वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते. मी साखळी टाकली तर बोर निघाली तिसऱ्याच्याच शेतात. त्या दिवसापासून भावांची एकी झाली आणि दोघं मिळून तिसऱ्याशी भांडायला लागले. असले किस्से मी लग्नाच्या पंगतीत सांगतो आणि लोक हसतात.

पण लिहायला बसलो की प्रत्येक वेळी बाबूभाई आडवे येतात. त्यांना वाट दिल्याशिवाय दुसरं काही लिहून व्हायचं नाही असं दिसतंय. तेव्हा संपादकांनी माफ करावं, यात हसण्यासारखं फार नाही.

आधी धंद्याविषयी दोन शब्द. मी भूकरमापक. गावात आम्हाला मोजणीदार म्हणतात, तोंडावर भाऊसाहेब म्हणतात आणि पाठीमागे काय म्हणतात ते इथे छापता येणार नाही. आमचं हत्यार म्हणजे लोखंडी साखळी. तेहतीस फुटांची, आणि रुपयासारखे तिचे सोळा आणे पाडलेले. साखळीभर लांब आणि साखळीभर रुंद जागा म्हणजे एक गुंठा. शेताच्या कोपऱ्यातले दगड शोधायचे, साखळी टाकत जायचं, आणि मापांसकट शेताचं चित्र काढायचं. त्याला टिप्पण म्हणतात. इंग्रजांच्या वेळची टिप्पणं आमच्या कपाटात होती आणि शंभर वर्षांनी मोजलं तरी माप दोन-चार आण्यांपेक्षा जास्त चुकायचं नाही. या गोष्टीचा मला फार अभिमान होता. जमीन जागची हलत नाही, हलतो तो माणूस, असं मी नव्या पोरांना ऐटीत शिकवायचो.

ही ऐट नदीकाठी चालत नाही. समुद्राकाठीही चालत नाही, आणि गंमत अशी की मला समुद्र आधी भेटला.

मी मूळचा नगरचा. आमच्याकडे पाणी म्हणजे विहिरीच्या तळाशी दिसतं ते. नोकरी लागली आणि पहिलीच नेमणूक रत्नागिरी जिल्ह्याच्या पार दक्षिण टोकाला. किनाऱ्यावरची एक माडांची वाडी मोजायची होती. पावसाळा तोंडावर आलेला. शेवटच्या माडापासून पाण्यापर्यंत सात साखळ्या कोरडी वाळू भरली, ती मी टिप्पणावर लिहिली. दोन दिवसांनी समुद्रात वादळ झालं. तसला वारा मी जन्मात पाहिला नव्हता. माड कमरेत वाकायचे आणि लाटांचा आवाज कौलांखाली बसून छातीत ऐकू यायचा. वादळ ओसरल्यावर जाऊन पाहतो तर सातातल्या तीनच साखळ्या उरल्या होत्या. चार साखळ्या किनारा एका झटक्यात नाहीसा. पुढच्या ओळीतले माड वाऱ्याने मुळांसकट उपटून पालथे पडलेले, आणि वाळूला पुरुषभर उंचीचा सरळ कडा पडलेला.

माझं टिप्पण खोटं ठरलं म्हणून मी रडकुंडीला आलो. तेव्हा होडी शाकारत बसलेला एक म्हातारा तांडेल मला हसला.

"रेव खंय जातली साहेबानू? ती बघा, थंय भायर उभी आसा. दिवाळीक परत येतली."

रेव म्हणजे वाळू. त्याने बोट दाखवलं तिकडे किनाऱ्यापासून लांब, भर पाण्यात, लाटा एका रेषेत फुटत होत्या. तिथे पूर्वी फुटत नव्हत्या. वादळाच्या उंच लाटा किनाऱ्याची वाळू ओढून नेतात आणि थोड्या अंतरावर पाण्याखाली तिचा आडवा बांध घालतात. पुढच्या लाटा त्या बांधावर आपटतात आणि किनारा वाचतो. वारा पडला, समुद्र शांत झाला की त्याच पाण्याच्या लहान लाटा ती वाळू थोडी थोडी ढकलत परत आणून टाकतात. मी दिवाळीनंतर मुद्दाम जाऊन मोजलं. साडेसहा साखळ्या. अर्ध्या साखळीसाठी मी तांडेलाला चिडवलं, तर तो म्हणाला, तेवढी समुद्राची मजुरी.

मला ही गोष्ट इतकी आवडली की पुढे कित्येक वर्षं मी ती ज्याला त्याला सांगत होतो. ज्याने समुद्र पाहिलेला नाही त्याला तर हमखास. नगर जिल्ह्यात असे लोक भरपूर.

बदली होऊन मी आमच्या जिल्ह्यात परत आलो, त्याला काही वर्षं झाली होती. बहात्तरच्या दुष्काळाच्या आधीची गोष्ट. भाद्रपदात कुठल्याशा समुद्रात उठलेलं वादळ आत सरकत आलं आणि घाटमाथ्यावर तीन दिवस कोसळत राहिलं. प्रवरा फुगली. बेलापूरच्या खाली, एका गावाशी नदी मोठं वळण घेते. गावाचं नाव लिहीत नाही, तिथली माणसं अजून आहेत. त्या वळणाच्या बाहेरच्या अंगाला बाबूभाई शेखांची चार एकर जमीन होती. गाळाची, काळीभोर, बापजाद्यांची. शेतातच दोन खणांचं घर, घरात बाबूभाई, त्यांची बायको रहिमाबी आणि दोन मुली.

पुराने दीड एकर तोडून नेली. उरलेल्या अडीच एकरांवर पाणी चढलं आणि उतरताना गुडघाभर वाळू टाकून गेलं.

नुकसानीच्या मोजणीचं काम माझ्याकडे आलं. मार्गशीर्षात गेलो. नदी उतरून खाली पात्रात गेली होती. बाबूभाई पन्नाशीचे, उंच, बोलायला मऊ. साखळीचं दुसरं टोक त्यांनी स्वतःच धरलं, माझ्या शिपायाला धरू दिलं नाही. आपल्या शेताचं माप दुसऱ्याच्या हाताने कशाला, म्हणाले.

त्या वेळी गावच्या वरच्या अंगाला, माळावर, गायरानाचा एक तुकडा काही खातेदारांना द्यायचं चाललं होतं. ज्यांची जमीन नदीने कायमची नेली त्यांना त्यातून मिळणार होती. फक्त मोजणीदाराच्या अहवालात तसं लिहिलेलं हवं. 'वाळू चढली' असं लिहिलं तर काही नाही, कारण वाळू काढता येते. 'वाहून गेली' असं लिहिलं तर गायरान. एका शब्दाचा प्रश्न होता आणि तो शब्द माझ्या हातात होता.

रहिमाबींना गायरान हवं होतं. त्या दारात उभ्या राहून, पदर डोक्यावर नीट घेऊन, सरळ माझ्याशी बोलल्या.

"भाऊसाहेब, माळाला खडक हाय, मला ठावं हाय. पन खडक जाग्यावर राहतो. हितं रातीला पानी आलं की आमी पोरी उचलून पळायचं किती साल?"

बाबूभाई पात्राकडे पाहत होते. जिथे त्यांची दीड एकर होती तिथे पाणी आटून पांढरी स्वच्छ वाळू वर आली होती. त्यांनी मला विचारलं, "खरं सांगा, ही जिमीन परत येती का कवा?"

आणि मला तांडेल आठवला.

मी त्यांच्या अंगणात बाजेवर बसलो, चहा घेतला आणि वादळाची सगळी गोष्ट रंगवून सांगितली. साताच्या तीन, तिनाच्या साडेसहा. समुद्राची मजुरी. मुली हसल्या. बाबूभाईंचा चेहरा असा खुलला की मला स्वतःचंच कौतुक वाटलं. समोर पात्रात वर आलेली वाळू मी त्यांना दाखवली. "बघा, यायला लागलीसुद्धा," मी म्हणालो. "एक-दोन दिवाळ्या थांबा. बापाची काळी जमीन सोडून खडकावर कुठं जाता?"

"आईक," बाबूभाई बायकोला म्हणाले. "भाऊसाहेबांनी दर्या मोजलाय."

रहिमाबी कप उचलून आत गेल्या.

अहवालात मी लिहिलं की, 'अडीच एकर क्षेत्रावर वाळू चढली असून ती काढल्यास क्षेत्र लागवडीस योग्य होईल. पात्रात गेलेले दीड एकर क्षेत्र पाणी ओसरल्यावर उघडे पडत आहे, सबब ते कायमचे वाहून गेले असे म्हणता येत नाही.' त्यातल्या 'सबब' या शब्दावर मी खूश होतो. गायरानाच्या यादीत बाबूभाईंचं नाव लागलं नाही.

आता माझी चूक सांगतो. कालव्यावरच्या एका ओव्हरसिअरने ती मला पुढे पाच मिनिटांत समजावून दिली, पण तेव्हा उशीर झाला होता. समुद्र वाळू नेतो आणि तिथेच समोर ठेवतो, म्हणून तो परत देऊ शकतो. नदी एकाच दिशेने चालते. वळणाच्या बाहेरच्या अंगाला पाण्याचा जोर असतो, तिथे ती काठ खाते. आतल्या अंगाला पाणी मंद होतं, तिथे आणि पुढच्या वळणावर ती टाकते. जे एकदा नेलं ते माघारी येत नाही. हिवाळ्यात पात्रात दिसते ती वाळू वरच्या कुणाच्या तरी शेताची, पुढच्या मुक्कामाला निघालेली असते. आणि वळण एकदा खायला लागलं की दर पुराला जास्त खात जातं. मी प्रवरेच्याच जिल्ह्यात जन्मलो, वाढलो, आणि हे मला ठाऊक नव्हतं. एका पावसाळ्यात पाहिलेला समुद्र तेवढा पक्का ठाऊक होता.

बाबूभाईंच्या शेतासमोर, नदीच्या पलीकडे, आबांचा ऊस होता. आबा म्हणजे त्या काठचे मोठे बागायतदार. त्यांच्या काठाला लागून नवी मळई तयार झाली होती, पहिल्या वर्षी वाळू, मग तिच्यावर गाळ. अशी नवी जमीन ज्याच्या काठाला लागते त्याचा तिच्यावर पहिला हक्क, असा कायदा आहे. आबांनी मोजणीचा अर्ज केला आणि ती मीच मोजून दिली. बाबूभाई अलीकडच्या काठावरून पाहत होते. त्यांनी हात वर करून मला सलाम केला.

मग दुष्काळ आला. लोक खडी फोडायच्या कामावर गेले. बाबूभाई आणि रहिमाबी दोघं एकदम गेले नाहीत, एक जण जायचा आणि एक जण वाळू काढायचा. बैल होते तोवर गाडीने, आणि वैरण संपून बैल घोडेगावच्या बाजारात गेल्यावर डोक्यावरच्या पाटीने. अडीच एकर, गुडघाभर वाळू. कुणी हिशेब करून पाहावा, माझी हिंमत झाली नाही. ती वाळू त्यांनी नदीच्या कडेला नेऊन टाकली आणि तिचा कमरेएवढा बांध घातला. त्यावर निरगुडी लावली आणि पिण्याच्या पाण्यातलं पाणी तिला घातलं.

दुसऱ्या वर्षाच्या उन्हाळ्यात मी तिथून जात होतो तेव्हा थांबलो. शेत शाळेतल्या पाटीसारखं लख्ख होतं. काळी माती पुन्हा वर आली होती. रहिमाबींच्या डोक्यावरचे केस पाटीच्या जागी गेले होते, ते मला दिसलं आणि मी दुसरीकडे पाहिलं. बाबूभाईंनी मला बांधावरून चालवत नेलं.

"तुमच्या दर्यासारखाच घातलाय बांद," ते म्हणाले. "पानी ह्याच्यावर आपटंल, आन शेत वाचंल. बराबर ना?"

मी बरोबर म्हणालो. खरं तर मला भरून आलं होतं, माझ्या गोष्टीचं कुणी इतकं काही केलं नव्हतं.

त्या वाळूने शेत गुडघाभर उंच झालं होतं आणि ती काढून त्यांनी ते पुन्हा नदीच्या तोंडी आणून ठेवलं होतं, हे तेव्हा तिघांपैकी कुणाच्याच डोक्यात आलं नाही. निदान माझ्या यायला हवं होतं.

त्याच साली पाऊस झाला. सगळा जिल्हा आनंदाने वेडा झाला होता. बाबूभाईंनी बाजरी पेरली, ती कमरेला आली. आणि पूर आला. फार मोठा नव्हता, गावातल्या देवळाच्या पायरीलाही लागला नाही. वाळूचा बांध दुपारी गेला. निरगुडी मुळांसकट गेली. पण पाणी चढताना काठ टिकला होता. माणसं हुश्श करून परत फिरली. पूर चढताना काठ पाण्याने दाबलेला असतो. उतरताना तो आधार जातो, आणि आत मुरलेल्या पाण्याने जड झालेली माती आपल्या वजनाने कोसळते. दोन दिवस, स्वच्छ ऊन पडलेलं असताना, बाबूभाईंचं शेत घराएवढ्या ढेपांनी नदीत पडत राहिलं. माणसं काठावर उभी राहून पाहत होती. बाजरी उभीच्या उभी जायची, म्हणे, आणि थोडा वेळ पाण्यावर सरळ चालायची. तिसऱ्या दिवशी घराचा एक खण गेला.

पुन्हा मोजणी माझ्याकडे आली. मी ती दुसऱ्याला द्यायला सांगितली, पण तालुक्यात दुसरा होता कुठे?

या वेळीही बाबूभाईंनी साखळीचं टोक धरलं. वरच्या कोपऱ्यातला दगड शाबूत होता. तिथे मी उभा राहिलो आणि ते जुन्या बांधाच्या रेषेत चालायला लागले. अडीच साखळ्यांवर काठ संपला. मी थांबा म्हणालो. ते कडेची घसरण उतरले आणि पाण्यात शिरले. गुडघ्यापर्यंत, कमरेपर्यंत.

"बाबूभाई, वर या!"

"माप आर्धं कसं सोडायचं?" ते पाण्यातून म्हणाले. साखळी छातीशी धरलेली. "माजा बांद अजून फुडं हाय. लिवा तुमी."

शिपायाने त्यांना हाताला धरून वर आणलं. वरच्या बाजूला बारा गुंठे उरले होते, बाकी सगळी नदी. मी त्याच दिवशी अहवाल लिहिला आणि त्यात 'कायमची वाहून गेली' हे शब्द घातले. साहेबांना भेटून गायरानाचं विचारलं. गायरान दुष्काळातच वाटून संपलं होतं, आणि साहेब म्हणाले की तुमच्याच पहिल्या अहवालात जमीन परत येत असल्याचं लिहिलंय, आता दुसरं लिहिता, कोणतं खरं? अहवाल फेरचौकशीला गेला. चौकशी म्हणजे फाईल कुणाच्या तरी टेबलाखाली गेली. मी दोनदा आठवण दिली. तिसऱ्यांदा दिली नाही, कारण स्वतःची चूक किती वेळा सहीनिशी लिहायची, असं वाटलं. हे लिहिताना आजही मान खाली जाते.

त्या दिवाळीनंतर आठ दिवसांनी बाबूभाई कचेरीत आले. ते आता गावात मेहुण्याच्या पडवीत राहत होते आणि आबांच्या उसात मजुरीला जात होते. आबांचा ऊस त्या मळईवरही होता.

"भाऊसाहेब, मोजाया कवा येता? थोडी आलीय वाटतं."

मी गेलो. साखळी टाकली. पात्रात वाळू वर आली होती, दरसालसारखी. "अजून नाही," मी म्हणालो. एवढंच बोललो. नदी परत देत नाही, मी तुम्हाला चुकीचं सांगितलं, हे वाक्य तोंडाशी आलं आणि मी ते गिळलं. पुढच्या दिवाळीनंतरही ते आले. तेव्हा त्यांना खोकला झाला होता, कोट दुसऱ्याचा वाटावा असा सैल झाला होता. पुन्हा गेलो, पुन्हा मोजलं, पुन्हा "अजून नाही." त्यांनी मान हलवली. "दर्याचं येगळं आसंल," ते म्हणाले. "ही गरीब नदी हाय, तिला येळ लागनार."

तिसऱ्या दिवाळीनंतर मी वाट पाहत होतो. आठ दिवस झाले, पंधरा झाले. मग एके दिवशी दुपारी रहिमाबी आल्या, थोरल्या मुलीला घेऊन. बाबूभाई श्रावणातच गेले होते. मला कुणी कळवलं नव्हतं, आणि मला कोण कळवणार?

मी त्यांना बाकावर बसवलं. पाणी दिलं. आणि जे त्यांच्या नवऱ्याला सांगू शकलो नव्हतो ते सांगून टाकलं. "माझं चुकलं. ती समुद्राची गोष्ट होती. नदी नेलेली जमीन परत देत नाही."

"मला ठावं हुतं," त्या म्हणाल्या. आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं. "मी नदीच्या काठालाच जन्मले. पन तुमी मोजनारे. म्या बाईनं काय बोलायचं?"

त्या मोजणीला बोलवायला आल्या नव्हत्या. उरलेले बारा गुंठेही मधल्या पुरांत गेले होते, पण सात-बाऱ्यावर बाबूभाईंच्या नावे अजून चार एकर उभी होती. तलाठी म्हणत होता, आता मुलींची नावं चढवा. रहिमाबींना ते नको होतं.

"पोरींच्या नावानं पानी कशाला चढवायचं? त्याबी काठावर बसून ऱ्हातील. गेली म्हनून लिवून द्या."

मी जुनी फाईल स्वतः टेबलाखालून काढली. नवा अहवाल लिहिला. रहिमाबी म्हणाल्या, वाचून दाखवा. मी वाचलं, "सदर क्षेत्र नदीने कायमचे वाहून नेले आहे."

"फुडं?"

"पुढे काही नाही. एवढंच."

त्यांनी अंगठा केला. शाई पुसायला मी कागद पुढे केला, तो त्यांनी घेतला नाही. त्या अहवालातल्या ओळीकडे पाहत राहिल्या, वाचता येत नसताना.

"येवढंच लिवायचं हुतं व्हय, भाऊसाहेब?"